कठोर प्रश्न आणि उद्धट परीक्षक

नोकरीच्या मुलाखतीहून परतलेला उमेदवार पुष्कळदा प्रश्नांविषयी बोलत नाही. आपल्याला कसे वागविले गेले, याविषयी बोलतो. अर्ज न वाचताच ‘हे काम तुम्हाला झेपणार नाही’ असे कोणी म्हटलेले असते, कोणी उत्तर अर्ध्यावर तोडलेले असते, कोणी इंग्रजी उच्चारांना हसलेले असते. अशा वेळी चूक आपलीच असावी, अशी त्याची समजूत होते. ती बहुधा निराधार असते. उत्तरावर रोखलेला कठोरपणा आणि माणसावर रोखलेला कठोरपणा यांतील भेद त्याने प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

पहिल्या प्रकाराला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेसाठी माणसे निवडताना उमेदवाराला अशी कल्पना करावयास सांगत, की रात्री सरकारी इमारतीत गुप्त कागद चाळताना तो पकडला गेला आहे. १२ मिनिटांत त्याने खोटी पण सुसंगत हकीकत रचावयाची. मग त्याला प्रखर दिव्यापुढे बसवून तिच्यावर प्रश्नांचा भडिमार होई. शत्रूच्या हाती सापडण्याचा संभव असलेल्या माणसाच्या बाबतीत ही परीक्षा समजण्यासारखी होती. हिशेबनीस किंवा शिक्षक निवडताना मात्र तिच्यातून काय कळावे, हे सांगणे कठीण आहे. संघ लोकसेवा आयोगानेही नागरी सेवेतील व्यक्तिमत्त्व चाचणी ही उलटतपासणी नसून सहज, पण हेतुपूर्वक चालविलेले संभाषण आहे, असेच म्हटले आहे.

‘पदवीनंतर दोन वर्षे काय झोपा काढल्या?’ असे कोणी विचारले, तर त्या वाक्यात एक प्रश्न आहे आणि एक टोमणा आहे. उत्तर प्रश्नाचे द्यावे : ‘वडील आजारी होते. दुकान मी सांभाळले. वह्याही मीच लिहीत असे.’ टोमणा कोणी न उचलल्यामुळे तेथेच पडून राहतो. मध्येच तोडणाऱ्याला बोलू द्यावे आणि मग ‘आधीचे उत्तर पुरे करू का?’ असे विचारावे. एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर तसे लगेच सांगावे. आक्रमक परीक्षकाला खरे खाद्य मिळते ते सारवासारवीतून.

जात, लग्न, मूल होण्याचा विचार यांविषयीचे प्रश्न निराळे. राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग इत्यादी कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. ‘या प्रश्नाचा कामाशी संबंध कळला, तर उत्तर देता येईल,’ असे शांतपणे म्हणणे उमेदवाराच्या अधिकारात बसते. त्यापायी नोकरी हातची जाऊ शकते, हेही खरे. आणि घरात चूल पेटावयाची म्हणून जो मुकाट्याने उत्तर देतो, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि तीतही आईवडील व राहण्याचे ठिकाण एवढेच विचारले गेले, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला इतके गुण ठेवणे मनमानीचे ठरविले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असे सुचविले. तो खटला प्रवेशाचा होता. हरियाणातील नोकरभरतीसंबंधीच्या १९८५ च्या निकालात न्यायालयाने सर्वसाधारण उमेदवारांसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा योग्य मानली. १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने कनिष्ठ पदांसाठी मुलाखतच बंद केली.

खाजगी कचेऱ्यांत असा अंकुश क्वचितच आढळतो. म्हणून घरी परतताच तारीख, पद, विचारणाऱ्याचा हुद्दा आणि त्याचे नेमके शब्द टिपून ठेवावेत. तक्रार करावयाची झाल्यास हे टिपण उपयोगी पडते. आणि नेमणुकीचे पत्र आलेच, तर उद्या ज्याच्या हाताखाली काम करावयाचे तो हाच गृहस्थ आहे काय, हे ठरविण्यापूर्वी ते एकवार वाचता येते.