पालम : शीव, रस्ते आणि दवाखान्याचं कार्ड

आमच्या मंडळाच्या संमेलनासाठी पालमला येणाऱ्या पाहुण्यांनी आधी नकाशा पाहावा. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी हा तालुका जिल्ह्याच्या पार टोकाला आहे. पश्चिमेला गंगाखेड, पूर्वेला लोहा. लोहा लागलं की नांदेड जिल्हा सुरू. उत्तरेला गोदावरी, तिच्या पलीकडे पूर्णा तालुका. गावात रेल्वे नाही. गाडीने येणाऱ्याने परभणी-परळी मार्गावर गंगाखेडला उतरावं आणि पुढे एसटी धरावी. लातूर किंवा नागपूरकडून मोटारीने येणाऱ्याला लोह्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथून पालम जवळच.

पाहण्यासारखं म्हणाल तर गोदावरीच्या पात्रातलं जांभूळबेट. जांभळाची झाडी आणि मोर, दोन्ही तिथे भेटतात. डिग्रसचा बंधारा याच तालुक्यात. त्याच्या पाण्यावरून परभणी आणि नांदेड यांच्यात उन्हाळ्यात जी ओढाताण होते, ती वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचली असेलच. जाता-येता गंगाखेडला संत जनाबाईंचं जन्मस्थान पाहून घ्यावं. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर आणि पाण्याच्या आधाराने ऊस. दक्षिणेकडे बालाघाटच्या डोंगररांगा लागतात, आणि तिथल्या वाड्या-तांड्यांवरची कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात. सकाळच्या एसट्यांनी याच वाड्या-तांड्यांवरची पोरं-पोरी कॉलेजला पालममध्ये येतात. इथली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे जिल्हा परभणी, पण परीक्षेचा निकाल नांदेडहून. आणि रुग्णही बहुतेक वेळा नांदेडलाच.

स्थळांची माहिती इथेच आवरती घेतो. या गावाबद्दल मला खरं सांगायचं आहे ते वेगळं आहे. पालमचं जगणं समजून घ्यायचं, तर आजारी माणसाला इथून कुठे नेतात आणि त्याचा खर्च कोण देतं, ते पाहावं लागतं.

गावात ग्रामीण रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. बाळंतपण, ताप, कापूसवेचणीच्या दिवसांतला सर्पदंश, यासाठी पहिली धाव तिथेच घ्यावी. साप चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला अर्धा तास पुढे कोणत्याच पैशाने भरून निघत नाही. पण छातीत कळ आली, मेंदूला मार लागला, डायलिसिसची वेळ आली, की डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि नातेवाइकांच्या तोंडी एकच वाक्य येतं : ‘नांदेडला हलवा.’ तिथे विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखान्यांची रांग आहे. परभणीला जिल्हा रुग्णालय आहे, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. कर्करोगाचं निदान झालं की घरात बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगर ही नावं निघतात. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की काही गावांचा पालमशीच संपर्क तुटतो. तिथे नांदेडची गोष्ट दूरच.

आता शिवेची गोष्ट. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली, ती आधी आठ जिल्ह्यांत. त्यात नांदेड होतं, परभणी नव्हतं. योजना राज्यभर पोचली २१ नोव्हेंबर २०१३ ला. मधल्या काळात पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या लोह्याच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत, आणि तसंच कार्ड असलेल्या पालमच्या कुटुंबाला नाही. रस्ता एक, नांदेडचं रुग्णालय एक, आजारही एक. लेक लोह्याला दिलेली असेल तर तिच्या सासूची शस्त्रक्रिया योजनेत बसायची, आईची बसायची नाही. आमच्या भागात ‘योजनेत बसतं का?’ हा प्रश्न तेव्हापासून रुळला. आजही आजाराचं नाव कळल्यावर पहिला प्रश्न हाच असतो.

मंडळाच्या परदेशात स्थायिक झालेल्या सभासदांना हे ओळखीचं वाटेल. २०१२ च्याच जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेड या सरकारी आरोग्यछत्राचा विस्तार करायचा की नाही, हे प्रत्येक राज्यावर सोपवलं. उदाहरणार्थ, कॅन्ससमधलं लॉरेन्स हे विद्यापीठाचं गाव. तासाभराच्या आत मिसुरीची हद्द लागते. मिसुरीने २०२१ मध्ये विस्तार लागू केला, कॅन्ससने केला नाही. विस्तार न केलेल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या अनेक प्रौढांना मेडिकेडही मिळत नाही आणि बाजारातला विमा घ्यायला अनुदानही मिळत नाही. अर्धवेळ शिकवणारे, हॉटेलात राबून शिकणारे त्या फटीत सापडतात.

आमच्या कॉलेजांतही अशी एक फट होती. पांढरं रेशन कार्ड असलेल्यांना जीवनदायी योजनेत जागा नव्हती. अपवाद होता तो चौदा आपत्तीग्रस्त जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा. त्यात परभणी होतं, म्हणून सातबारा असलेला पांढऱ्या कार्डाचा शेतकरी आत आला. पण तासिका तत्त्वावर शिकवणारा, जमीन नसलेला, वर्षाला लाखाच्या थोडं वर कमावणारा प्राध्यापक बाहेरच राहिला. अनुदानित पदावरच्या कायम माणसाला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती असते. त्याच स्टाफरूममधल्या तासिकावाल्याला काहीच नसतं, सुट्टीच्या महिन्यांचा पगारसुद्धा नाही. दोघं फळ्यावर तेच शिकवतात. ही विषमता मला तेव्हाही सलत होती आणि आजही सलते, कारण खर्चाच्या दहशतीने तपासणी पुढे ढकलणारी माणसं गावात आजही दिसतात.

योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र राबवायला सुरुवात झाली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कार्डाच्या रंगाची अट काढली, रक्कम पाच लाखांवर नेली आणि उपचारांची संख्या १,३५६ केली. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. सीमाभागातली ८६५ मराठी गावंही योजनेत घेतली गेली आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं.

मग प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. पाच लाखांचं छत्र आहे, पण ते ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांना आणि दाखल झाल्यावर. बाहेरून दाखवून येणं, महिन्याची बीपी-शुगरची गोळी, यादीत नसलेला आजार, हे त्यात नाही. नांदेडच्या चकचकीत रुग्णालयाबाहेर योजनेची पाटी नसेल तर पाच लाख तिथे कामाला येत नाहीत. म्हणून रुग्णाला गाडीत घालण्याआधी १५५३८८ वर फोन करून, हा उपचार योजनेत आहे का आणि नांदेड-परभणीत कोणत्या रुग्णालयात आहे, हे विचारावं. रुग्णालयात योजनेच्या मदतनिसाचं, म्हणजे आरोग्यमित्राचं, टेबल असतं, तिथे आधी जावं, बिलाच्या खिडकीवर नंतर. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागाहून देण्याची सोय आहे. दाखल काळातलं जेवण आणि घरी परतण्याचं एसटीचं भाडंही योजनेत धरलेलं असतं. ते मागायला संकोच करू नये, तो तुमचा हक्क आहे.

खासगी विमा घ्यावा का, असं तासिकेवरची तरुण मंडळी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे : योजनेचं कार्ड आधी, आणि परवडत असेल तर वर तीन ते पाच लाखांची साधी कौटुंबिक पॉलिसी. हप्ता किती स्वस्त, यापेक्षा रात्री दोन वाजता आपण ज्या रुग्णालयात पोचू शकतो ते कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे का, हे आधी पाहावं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या नावांनी भरलेली यादी पालमच्या माणसाला त्या रात्री उपयोगाची नाही.

दुसरी पाहायची गोष्ट खोलीच्या भाड्याची मर्यादा. तीन लाखांच्या पॉलिसीत रोजचं भाडं एक टक्का म्हणजे तीन हजार धरलेलं असेल आणि आपण सहा हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च, सगळं त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. औषधं त्यातून सुटतात, पण कापल्या जाणाऱ्या खर्चाचा अर्धा भार घरावर येतो. त्यामुळे भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी तीच घ्यावी.

तिसरी गोष्ट खरेपणाची. ‘शुगर आहे हे लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. आजार लिहिलेला असेल तर तीन वर्षांनी त्याचा खर्च हक्काने मिळतो. लपवलेला उघड झाला तर भरलेले हप्ते वाया जाऊ शकतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला आहे, म्हणजे परवडण्याचा हिशेब पुन्हा मांडून पाहण्यासारखा आहे.

शेतकरी घरांत मात्र ‘विमा’ म्हटलं की माणसं हात झटकतात. पीकविम्याचे अनुभव त्यांच्या मनात असतात : पाऊस माझ्या रानात पडला, हिशेब महसूल मंडळाचा झाला. त्यांना मी एवढंच सांगतो की आरोग्य विम्यात मोजमाप तुमच्याच रुग्णाचं आणि तुमच्याच बिलाचं होतं. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापले जातात तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचा विमा आहे, दवाखान्याचं बिल त्यातून मिळत नाही. हा गैरसमज गावोगाव आहे आणि तो ऐन दाखल होण्याच्या दिवशी उघडा पडतो.

सगळ्यांत जास्त अडतं ते रेशन कार्डावरच्या नावापाशी. नव्या सुनेचं नाव चढलेलं नसतं, लेकीचं माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं असतं, आधारवर जन्मसाल एक आणि कार्डावर दुसरं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं कार्ड गावात पेटीत आणि माणसं सांगली-कोल्हापूरकडे फडात. महाराष्ट्रातल्या योजनेच्या कोणत्याही रुग्णालयात ते कार्ड चालतं, पण ते सोबत हवं, निदान मोबाइलमध्ये तरी.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझी एक विनंती आहे. संमेलनाच्या मांडवात पुस्तकांच्या शेजारी एक टेबल आयुष्मान कार्ड काढण्यासाठी ठेवावं. कॉलेजमधली संगणक येणारी पोरं हे काम आनंदाने करतील. आसपासच्या गावांतून येणाऱ्यांनी घरातल्या प्रत्येकाचं आधार, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल आणावा. ज्यांच्या घरी सत्तरीपुढचं माणूस आहे त्यांनी त्याला सोबतच आणावं, त्याचं कार्ड वेगळं निघतं. आणि बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी : मुक्कामात कुणाला बरं वाटेनासं झालं तर रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, आणि पहिलं ठिकाण ग्रामीण रुग्णालय.