फोटोला बसताना काय नेसावं, काय घालावं?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. मोबाइलवर फोटो ढीगभर आहेत, पण या वेळी रीतसर स्टुडिओत जाऊन सगळ्या घराचा एक फोटो काढायचं ठरवलं आहे. फोटोग्राफरने फोनवरच बजावलं : बारीक चौकडी नको, पांढरंशुभ्र नको, फार चमचमतं नको. आई म्हणते, नेसेन तर पैठणीच. लेकीचा हट्ट आहे की सगळ्यांनी पांढरे कुर्ते आणि जीन्स घालावी. वडील म्हणतात, ‘आमच्या वेळी स्टुडिओवालाच आपला कोट चढवायला द्यायचा, एवढी चिकित्सा नव्हती.’ या मनाईमागे काही शास्त्र आहे की नुसती सवय? आणि जाता जाता विचारतो, आमच्या पणजीच्या जुन्या फोटोत तिचं कुंकू काळंकुट्ट का दिसतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या उत्तरांची किल्ली त्यात आहे.

पणजीचं कुंकू लालच होतं, पण तेव्हा फोटो ज्या लेप दिलेल्या काचेवर उमटे, तिला लाल रंग दिसतच नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या काचा फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला दाद देत. १८७३ साली हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला शोध लागला की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. तरी लाल रंग बाहेरच राहिला. सगळे रंग टिपणाऱ्या काचा १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने विकायला आणल्या, पण छोट्या स्टुडिओंनी जुनी पद्धत नंतरही बरीच वर्षं सोडली नाही. त्याला कारण होतं. लाल न दिसणारी काच लाल दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर धुता येते. सगळे रंग दिसणारी काच मात्र मिट्ट काळोखात चाचपडत धुवावी लागते.

परिणाम असा, की लाल कुंकू काळं, केशरी शेला काळपट आणि निळं लुगडं मात्र पांढरट. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवरून परतणाऱ्या प्रकाशात लालसर भाग जास्त असतो. तो काचेला दिसायचा नाही, म्हणून आपले पणजोबा-पणजी फोटोत होते त्याहून काळे दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘फोटोत दिसते तेवढी काही ती काळी नव्हती हो’ असं म्हटलं, तर ते प्रेमापोटीच म्हणतात असं समजू नका. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतले फोटोग्राफर गिऱ्हाइकांना आधीच सांगत, फिका निळा घालून येऊ नका, तो पांढरा उमटेल. म्हणजे तुमच्या फोटोग्राफरची फोनवरची तंबी चांगली दीडशे वर्षांची आहे. मनाईचे रंग तेवढे बदलले.

तेव्हा रंगांचं काही खरं नव्हतं, म्हणून कापडाच्या घडणीला महत्त्व होतं. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५ सालचा फोटो तुम्ही पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पेहरावातल्या सीरियाच्या सबात इस्लामबूली. एकीच्याही कपड्याचा रंग आपल्याला ठाऊक नाही, तरी कोण कुठली हे पाहताक्षणी कळतं. निऱ्या, पदर, रुंद बाह्या, कंबरपट्टा, एवढ्यावर तो फोटो उभा आहे. आज फोटोसाठी कपडे निवडताना आपण रंगावर तासभर वाद घालतो आणि घडणीकडे बघतही नाही, हे मला उफराटं वाटतं.

आता पांढऱ्याकडे येऊ. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक असं गृहीत धरतं की समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. पांढराशुभ्र सदरा ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो. कॅमेरा बिचारा समजतो की उजेड फार झाला, आणि सगळंच काळपट करतो. त्यात चेहराही आला. काळ्या कोटाचं याच्या उलट होतं. चांगला स्टुडिओवाला हातातल्या मापकाने दिव्याचाच प्रकाश मोजतो, त्यामुळे त्याची अशी फसगत होत नाही. तरी एक अडचण उरतेच. फोटोत नजर आधी सर्वांत उजळ जागेवर जाते. गव्हाळ चेहरा पांढऱ्या कापडाच्या निम्म्याहून कमी प्रकाश परत पाठवतो. मग बघणारा आधी सदरा बघतो, नंतर माणूस. पार्श्वभूमीही पांढरी असेल तर खांदे विरघळून जातात. पासपोर्टच्या फोटोला गडद शर्ट घालायला सांगतात तो याचसाठी.

लेकीच्या बेतात आणखी एक गंमत दडलेली आहे. पांढरे कुर्ते चार असले की पांढरे रंगही चार निघतात. बऱ्याच साबणांच्या पुडीत कापड उजळ दिसावं म्हणून एक द्रव्य घातलेलं असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. फ्लॅशच्या प्रकाशात असे किरण असू शकतात. त्यामुळे नवा किंवा अशा साबणात धुतलेला कुर्ता निळसर उमटतो आणि शेजारचा जुना कुर्ता पिवळट. घरात एकाच दोरीवर वाळलेले कपडे फोटोत वेगवेगळ्या घरचे वाटतात. लेकीला पांढरंच हवं असेल तर मोतिया, सायीचा रंग किंवा न रंगवलेल्या खादीचा रंग सुचवून बघा. पांढऱ्याचा एक गुण मात्र कबूल करायला हवा. छातीवरचं फिकट कापड दिव्याचा उजेड वर हनुवटीखाली फेकतं आणि तिथली सावली, सुरकुत्या सौम्य करतं. वडिलांच्या गळ्यात फिकट उपरणं असेल तर ते काढायला लावू नका.

हाच उजेड फेकण्याचा गुण भडक रंगांत अवगुण ठरतो. पोपटी किंवा झगझगीत केशरी कापड आपला रंग गळ्यावर आणि हनुवटीवर चढवतं. समोरासमोर बघताना हे जाणवत नाही, कारण आपला मेंदू ते आपोआप दुरुस्त करून घेतो. कॅमेरा तसं करत नाही.

बारीक चौकडीची मनाई तर अगदी पक्की आहे. खिडकीला मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की त्यांत पाण्यासारख्या लाटा हलताना दिसतात. त्यातला एक पदर म्हणजे शर्टाच्या रेघा आणि दुसरा म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची ठिपक्यांची जाळी. दोन्हींची वीण साधारण सारखी झाली की कापडावर नसलेल्या इंद्रधनुषी लाटा फोटोत उमटतात. फोटोग्राफर याला मोआरे म्हणतात. पूर्वी बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत हे टाळायला सेन्सरपुढे किंचित धूसर करणारी काच असे. अधिक रेखीव फोटो मिळावा म्हणून २०१२-१३ पासून अनेक कॅमेऱ्यांतून ती काच गेली आणि लाटांचं प्रमाण वाढलं. हा दोष नंतर संगणकावर पुसणं फार कटकटीचं असतं. मोठी चौकडी, रुंद काठ, ठसठशीत बुट्टे यांना यातलं काही होत नाही. शंका असेल तर कपडा खुंटीला टांगा, मोबाइलवर दोन-चार वेगवेगळ्या अंतरांवरून फोटो घ्या आणि पडद्यावर लहान-मोठे करून पाहा. इरकलीच्या बारीक रेघा किंवा खणाची बारीक वीण नेसायची असेल तर ही परीक्षा नक्की घ्या.

काळ्या रंगाचीही एक खोड आहे. पॉलिस्टरचे बरेच काळे रंग आपल्याला दिसणारा प्रकाश गिळतात, पण अवरक्त किरण परत फेकतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, सेन्सरला मात्र थोडे दिसतात, आणि काळा शर्ट तपकिरी-जांभळट उमटतो. २००६ साली लायका कंपनीच्या एम-८ या भारी किमतीच्या कॅमेऱ्यात हे इतकं झालं की कंपनीला ग्राहकांना फिल्टर फुकट वाटावे लागले. आता कॅमेरे सुधारलेत. पण तुमच्या स्टुडिओत जुने हॅलोजनचे दिवे असतील तर काळ्या सिंथेटिक कपड्यापेक्षा गडद निळा किंवा काळपट जांभळा सुती कपडा बरा.

आईंच्या पैठणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : नेसू द्या. फोटोग्राफर ‘चमचमतं नको’ म्हणतो तो जरीला घाबरून, आणि जरीवरचा इलाज दिव्यात आहे, साडीत नाही. जरीची तार आलेला प्रकाश पसरू न देता एकाच दिशेला परत फेकते. दिवा लहान आणि थेट समोर असेल तर काठावर जळल्यासारखे पांढरे ठिपके येतात. तोच दिवा मोठ्या कापडी पेटीत घालून बाजूने लावला की जर सोन्यासारखी दिसते. फोटोग्राफरला आधीच सांगा की पैठणी आहे, त्याप्रमाणे तो दिवे लावेल. साडी धूपछाव असेल, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर अंगावरच्या वळणाप्रमाणे कुठे एक रंग दिसेल, कुठे दुसरा. एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात तर तो खेळ पाहण्यासारखा असतो. सपाट समोरच्या फ्लॅशमध्ये तो मरतो.

फक्त एक गोष्ट आईंच्या कानावर घाला. अर्ध्या उंचीचा फोटो असेल तर पदरावरचे मोर चौकटीत येणारच नाहीत. ते खांद्यामागे लोंबत राहतील आणि दिसेल तो फक्त काठ, निऱ्यांची घडी आणि ब्लाउज. मोरांसाठी एक फोटो पूर्ण उंचीचा, उभ्याने, पदर हातावर घेऊन काढा. नथ घालणार असतील तर दिवा कोणत्या बाजूने आहे ते पाहा. तिची सावली ओठावर पडली तर मोठ्या प्रिंटमध्ये ती मिशीसारखी दिसते.

सगळ्यांनी एकसारखं घालायची जी पद्धत निघाली आहे ती मला व्यक्तिशः पटत नाही. आठ माणसं एका दुकानाच्या गणवेशात उभी राहिली की अंगं एकमेकांत मिसळतात आणि नुसती डोकी उरतात. त्यापेक्षा पैठणीतला एक रंग उचला, समजा वांगी किंवा मोरपंखी, आणि बाकीच्यांनी त्याच्या आसपासचे साधे, बिनछापाचे, कमी उजळ रंग घालावेत. आई मध्यभागी असतील तर बाकीच्यांनी त्यांच्यापेक्षा शांत दिसायला काय हरकत आहे? नातवंडांच्या टी-शर्टवरची कार्टूनं आणि इंग्रजी वाक्यं मात्र घरीच ठेवा. फोटो तीस वर्षं भिंतीवर राहणार असतो, कार्टून दोन वर्षांत जुनं होतं.

आता वडिलांचा कोट. एवढी चिकित्सा नव्हती हे त्यांचं म्हणणं अर्धंच खरं. ती चिकित्सा स्टुडिओवाल्याने आधीच करून ठेवलेली असे. खुंटीवरचा तो गडद, बिनरेघांचा, कुणालाही चालेलसा कोट हेच तिचं उत्तर होतं. चौकटीचा मोठा भाग काळोखा, गळ्याशी पांढऱ्याचा छोटा त्रिकोण आणि वर चेहरा सर्वांत उजळ. सैल असला तर मागून चिमटे लावायचे, समोरून कोण बघतंय! वडिलांनी या वेळी कोट स्वतःचाच घालावा. खुर्चीवर बसताना त्याची मागची कड खाली ओढून तिच्यावर बसावं, म्हणजे खांदे कानांपर्यंत चढत नाहीत. खिशातून पेन, चष्म्याचं घर, मोबाइल काढून ठेवावेत. पांढरा शर्ट पातळ असेल तर आतला बनियन स्टुडिओच्या दिव्यात स्वच्छ दिसतो, तेही आरशासमोर बघून घ्यावं. चष्म्याच्या काचेवर दिवा चमकत असेल तर दांड्या कानांवर केसभर उचलाव्यात. आणि कोट नवीन शिवून आणला असेल तर मागच्या चिरीवर शिंप्याने घातलेला कच्चा टाका निघायच्या आधी उसवायला सांगा. पुष्कळांचा तो वर्षानुवर्षं तसाच राहतो.