कावीळ आणि गोठा

कावीळ जनावरांपासून माणसांस लागते काय, हा प्रश्न ज्यांचें घर व गोठा एकाच आवारांत आहे अशा शेतकऱ्यांनीं विचारणें रास्तच आहे.

कावीळ हें लक्षण आहे. तिचीं कारणें अनेक. गांवांत साथीनें पसरणारी कावीळ पुष्कळदां 'हिपॅटायटिस ई' या विषाणूची असते. तो रोग्याच्या विष्ठेंतून पाण्यांत व पाण्यांतून दुसऱ्याच्या पोटांत जातो. १९५५-५६ सालीं दिल्लीस यमुनेच्या पाण्यांत मैला मिसळून सुमारें २९,००० लोक काविळीनें आजारी पडले. १९८१ सालीं कोल्हापुरांतहि साथ पाण्यावाटेंच पसरली.

आतां जनावरांकडे वळूं. १९९७ सालीं अमेरिकेंत डुकरांमध्यें याच कुळींतील विषाणु सांपडला. २००३ सालीं जपानांत हरणाचें कच्चें मांस खाल्ल्यानें ही कावीळ झाल्याचें सिद्ध झालें. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत पश्चिम भारतांतील माणसांचा विषाणु पहिल्या प्रकारचा, तर डुकरांचा चौथ्या प्रकारचा निघाला. पहिला प्रकार माणसांतच वाढतो. चौथा डुकरांतून माणसांत येऊं शकतो. म्हणजे आपल्या साथींचें मूळ गोठ्यांत नसून मुख्यतः माणसाच्या मैल्यांत आहे. तथापि डुकराविषयीं बेफिकिरी नको.

गाईंविषयीं म्हणाल, तर २०१६ सालीं चीनच्या युनान प्रांतांत कांहीं गाईंच्या दुधांत हा विषाणु आढळल्याचें प्रसिद्ध झालें. पुढें जर्मनी व बेल्जम येथील तपासण्यांत तो आढळला नाहीं. दूध चांगलें उकळून पिण्याची आपली रीत मात्र दोन्ही पक्षीं हिताचीच.

खापरखेड्याच्या परिसरांत, कोलार व कन्हान नद्यांच्या कांठीं राहणाऱ्या आमच्या बंधूंनीं इतकें अवश्य करावें. विहिरीस उंच कठडा बांधावा; संडासाचा खड्डा व डुकरांचा वावर तिच्यापासून दूर ठेवावा. पुराचें पाणी विहिरींत शिरल्यास पाणी उकळून प्यावें. डुकराचें मांस, विशेषतः काळीज, पुरतें शिजवावें. गोठा झाडल्यावर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे.

घरांत गर्भवती असल्यास दुप्पट जपावें. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झालेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा २० ते २५ पर्यंत दगावूं शकतात. तिचे डोळे पिवळे दिसतांच झाडपाल्यांत वा मंत्रांत दिवस न घालवितां तिला दवाखान्यांत न्यावें. निर्दोष गाय विकून विहीर घाण ठेवणाऱ्याच्या घरीं कावीळ पुन्हां येईल, हें ध्यानांत असावें.