पिवळा दिवा नक्की कुणासाठी?

प्रश्न : शिकाऊ लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले आहेत. परीक्षेसाठी सगळ्या खुणा पाठ केल्या होत्या आणि उत्तरंही बरोबर आली. पण गाडी रस्त्यावर काढली की गोंधळ उडतो. पिवळा दिवा लागला की शेजारी बसलेले बाबा म्हणतात, ‘काढ, काढ!’ आणि ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणतात, ‘ब्रेक!’ लाल असताना डावीकडे वळण्यासाठी थांबले, तर मागचे हॉर्न वाजवतात. रस्त्यावरच्या पट्ट्यांबद्दल तर कुणी धड सांगतच नाही. यातलं खरं काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पिवळ्या दिव्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या दोन शंकांचं उत्तरही त्याच वाटेने मिळतं. बाबा आणि सर यांच्यात नियमाने सर जिंकतात. पिवळा म्हणजे थांबा. त्याला अपवाद एकच : दिवा लागला त्या क्षणी तुम्ही स्टॉप लाइनच्या इतक्या जवळ असाल की सुरक्षितपणे थांबताच येणार नाही, तर पुढे जायचं. ‘लाल व्हायच्या आत वेग वाढवून निघून जा’ असा अर्थ कुठल्याही नियमात नाही, तरी रस्त्यावर बहुतेकांनी तोच गृहीत धरलेला दिसतो.

आता ‘इतक्या जवळ’ म्हणजे किती? इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते सोपं आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. दिवा दिसणं, तो कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर गेलेच. मग मागच्या सीटवरच्या माणसाला धक्का न बसेल अशा बेताने ब्रेक लावला, तर गाडी थांबायला आणखी वीसएक मीटर लागतात. एकूण ३० ते ३२ मीटर झाले. शहरातल्या चौकात पिवळा दिवा साधारणपणे तीन सेकंद राहतो आणि त्या तीन सेकंदांत याच वेगाने गाडी ३३ मीटर जाते. हे दोन आकडे योगायोगाने जुळलेले नाहीत. रेषेपासून तीसएक मीटरच्या पलीकडे असणाऱ्याला आरामात थांबता यावं आणि अलीकडे असणाऱ्याला लाल होण्याआधी रेषा ओलांडता यावी, एवढ्याच हिशोबाने तो वेळ ठरवलेला असतो. म्हणजे पिवळा दिवा थांबू न शकणाऱ्यांसाठी राखलेला असतो. थांबू शकणाऱ्याने तो वेळ वापरायचा नसतो.

तीस मीटरचा अंदाज डोळ्याला नसेल, तर एसटीच्या तीन बस एकामागे एक उभ्या आहेत अशी कल्पना करा, जवळजवळ तेवढंच अंतर होतं. रोजच्या चौकात तर त्याहून सोपी युक्ती आहे. रेषेपासून तेवढ्या अंतरावरचा एखादा खांब किंवा दुकान हेरून ठेवा. त्याच्यापर्यंत पोचण्याआधी पिवळा लागला, तर थांबायचं हे आधीच ठरलेलं. निर्णय आधी झालेला असला की पायाला ऐनवेळी घाबरायला होत नाही. ब्रेक लावण्याआधी आरशात एक नजर टाकायची सवयही इथूनच लावून घ्या.

हाच हिशोब ताशी ६० च्या वेगाने करून पाहिला की बाबांच्या ‘काढ, काढ’मधला धोका दिसतो. आता गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. थांबायला साठ मीटरपेक्षा जास्त अंतर लागतं, पण तीन सेकंदांत ती ५० मीटरच पुढे जाते. मधल्या दहा-बारा मीटरच्या पट्ट्यात सापडलेल्या माणसाला नीट थांबताही येत नाही आणि वेळेत पारही होता येत नाही. वाहतुकीचे अभियंते या पट्ट्याला ‘डायलेमा झोन’ म्हणतात. म्हणून जास्त वेगाच्या रस्त्यावर पिवळा दिवा जास्त वेळ ठेवावा लागतो. आणि म्हणूनच चौक दिसल्यावर वेग कमी करणं हाच त्यातून सुटायचा उपाय आहे, मग समोर हिरवा असला तरी. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं. तेव्हा तुमचा हेरलेला खांब आणखी एक खांब मागे न्या.

हा तिसरा दिवा मुळात का आला, हे कळलं की मनातला गोंधळ कायमचा जातो. लंडनमध्ये १८६८ साली पार्लमेंटच्या बाहेर पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. तो जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याच्या कल्पनेतून आला होता, म्हणून रंगही रेल्वेचेच, लाल आणि हिरवा. गॅसवर चालणारा तो दिवा काही आठवड्यांतच स्फोट होऊन बंद पडला. पुढे १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल बसला. त्यालाही दोनच रंग होते आणि रंग बदलणार आहे हे सांगायला घंटीसारखा आवाज जोडावा लागला होता. वेगात असलेल्या गाडीला ‘आता लगेच थांब’ सांगून चालत नाही, ही अडचण तिथे उघड झाली होती. १९२० मध्ये डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने रस्त्यासाठी तीन रंगांचा सिग्नल केला. ब्रेकला लागणारा वेळ सिग्नलमध्ये बसवायचा, एवढ्यासाठीच पिवळा आला.

लाल रंग धुक्यातून सगळ्यांत दूरवर दिसतो म्हणून निवडला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. स्वच्छ हवेत लाल प्रकाश कमी विखुरतो हे खरं आहे. पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की तिथे रंगारंगात फारसा फरक उरत नाही. तेव्हा महाबळेश्वरच्या धुक्यात ‘लाल असता तर दिसला असता’ या भरवशावर राहू नका. वेगच उतरवा.

आता डावीकडचं वळण. ‘लेफ्ट फ्री असतो’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीने बोललं जातं की तो कायदाच वाटावा. पण लाल दिव्याला डावीकडच्या वळणाची सरसकट सूट नाही. चौकात तसा बोर्ड असेल किंवा डावीकडचा हिरवा बाण लागला असेल, तरच वळायचं. परदेशातल्या नातेवाइकांकडून तुम्ही ऐकलं असेल की अमेरिकेत लाल असतानाही वळता येतं. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे ती सूट उजव्या वळणाची आहे, तीही आधी गाडी पूर्ण थांबवून. न्यूयॉर्क शहरात तर तसा बोर्ड नसेल तर तीही नाही.

आपल्याकडे हे का नको, हे चौकात उभं राहून पाहिलं की पटतं. तुमचा दिवा लाल असतो, नेमकी तीच वेळ तुमच्या समोरच्या झेब्रा क्रॉसिंगवरून चालणाऱ्यांची असते. डावीकडे घुसायचं तर त्यांच्यामधून जावं लागतं. त्याच वेळी उजवीकडून येणाऱ्या गाड्यांना हिरवा असतो आणि तुम्हाला ज्या रस्त्यावर जायचं असतं तिथेच त्याही शिरत असतात. तुमचं लक्ष साहजिकच उजवीकडे, गाड्यांकडे राहतं. डाव्या हाताने रस्त्यावर उतरणारी आजी त्या क्षणी दिसतच नाही. मागचा हॉर्न वाजवतो त्याला तुमच्या समोरून कोण चाललं आहे हे दिसत नसतं. वाजवू द्या. तुम्ही हिरवा होईपर्यंत थांबायचं. हिरव्यावर वळतानाही तुम्ही ज्या रस्त्यावर वळणार, तो ओलांडणारे लोक असतात. त्यांना आधी जाऊ द्यायचं.

थांबायचं तेही स्टॉप लाइनच्या अलीकडे, झेब्रावर नाही. पुढचं चाक रेषेपुढे गेलं तर काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं की चालणारा माणूस तुमच्या गाडीला वळसा घालून चौकाच्या आत जातो, म्हणजे धावत्या गाड्यांच्या आणखी जवळ. शिवाय तुमच्या बाजूच्या खांबावरचा सिग्नल तुमच्या मागे राहतो आणि तो बदललेला तुम्हाला कळत नाही. काही चौकांत मधोमध पिवळ्या तिरप्या रेघांची जाळी आखलेली असते. तिचा नियम वेगळा आहे : पलीकडे गाडीपुरती जागा मोकळी झाल्याशिवाय, दिवा हिरवा असला तरी, जाळीत शिरायचं नाही. संध्याकाळी चौक तुंबतात त्यातले कितीतरी एवढ्या एका नियमाने मोकळे राहतील.

खुणांच्या बोर्डांबद्दल तुम्ही पाठ केलं आहेच, म्हणून थोडक्यात सांगतो. चित्राआधी आकार पाहायचा. त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो, गोल म्हणजे हुकूम आणि चौकोन फक्त माहिती देतो. लाल कडेचा गोल मनाई करतो, निळा गोल ‘हे कराच’ म्हणतो. म्हणून लाल कड्यातले ५० म्हणजे त्याहून जास्त वेग नको आणि निळ्या गोलातले ५० म्हणजे त्याहून कमी नको. निळ्या पाटीवर एक तिरपी लाल पट्टी असेल तर पार्किंग नाही. लाल फुली असेल तर क्षणभर थांबायलाही मनाई. अष्टकोनी ‘स्टॉप’ आणि उलटा त्रिकोण यांना मुद्दाम वेगळे आकार दिलेत, म्हणजे पाटी धुळीने माखली तरी कडेवरून ओळखू यावी. स्टॉपच्या पाटीला वेग कमी करून भागत नाही. रस्ता मोकळा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही पाटी मोडणं कायद्याने लाल दिवा तोडण्याच्या पंक्तीत बसवलेलं आहे.

पट्ट्यांवर मात्र थोडं थांबू, कारण साताऱ्यात राहणाऱ्याला त्यांचं महत्त्व रोजचं आहे. तुटक रेषा म्हणजे समोर मोकळं दिसत असेल तर ओलांडायला हरकत नाही. सलग रेषा ओलांडायची नाही. दोन रेषा शेजारी असून एक तुटक, एक सलग असेल, तर तुमच्या बाजूची रेषा तुमच्यासाठी. पसरणी घाटातून पाचगणीला जाताना वळणाच्या आधी तुटक रेषा सलग होते ती का? ओव्हरटेक करायला जेवढा रस्ता पुढे दिसायला हवा, तेवढा तिथून दिसत नाही म्हणून. गाडीत बसून तुम्हाला वाटेल, दिसतंय की सगळं. पण वळणाआड येणारा ट्रक किती वेळात समोर येईल, हे सीटवरून कळत नाही. रेषा आखणाऱ्याने तो रस्ता मोजलेला असतो. म्हणून पुढचा ट्रक कितीही रेंगाळला आणि मागच्यांनी कितीही घाई केली, तरी सलग रेषेवर त्याच्या मागेच राहायचं.

पहिल्या पावसात रात्री एक अडचण हमखास येईल. पट्टीच्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात. हेडलाइटचा प्रकाश ते तुमच्याकडेच परत पाठवतात, म्हणून रात्री पट्टी उजळ दिसते. रस्त्यावर पाण्याचा थर साचला की मणी त्याखाली बुडतात, प्रकाश भलतीकडे जातो आणि पट्टी नाहीशी होते. रस्त्यात बसवलेली चमकणारी बटणं पाण्याच्या थरावर डोकं काढून असतात, त्यांचा आधार घ्या. तीही नसतील, तर समोरच्या गाडीच्या दिव्यांत न बघता डाव्या कडेवर नजर ठेवून हळू चालवा.

घाटातला आणखी एक नियम, ज्याची पाटी सहसा कुठे दिसत नाही. रस्ता दोन गाड्यांना पुरेल एवढा रुंद नसेल, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवताना मागे घसरण्याचा धोका असतो आणि उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणं त्यामानाने सोपं जातं. परतीच्या वाटेवर वाईकडे उतरत असाल, तेव्हा थांबायची पाळी तुमची.