बाल्कनी ते स्विमिंग पूल : एक अभ्यास

स्पॅनिश वर्तमानपत्रांनी एक शब्द रूढ केला आहे. 'बाल्कनिंग'. हॉटेलच्या बाल्कनीतून खालच्या स्विमिंग पूलमध्ये उडी मारणे, किंवा एका बाल्कनीतून शेजारच्या बाल्कनीत जाणे. हा उद्योग चालतो तो भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरच्या मॅगालुफला आणि इबिझाच्या सान आंतोनीला. उन्हाळा लागला की ब्रिटन-जर्मनीची आपल्याच वयाची पोरं आठवड्याभराच्या पार्टीसाठी इथे उतरतात. दर उन्हाळ्यात त्यातले काहीजण शवपेटीतून घरी परततात.

आता आपल्या अप्लाइड मेकॅनिक्सची वही काढू. तिसऱ्या मजल्याचा कठडा जमिनीपासून साधारण १० मीटर. तिथून खाली यायला १.४३ सेकंद लागतात आणि पोचतानाचा वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. पूल भिंतीपासून ५ मीटरवर आहे असं धरा. म्हणजे निघतानाच सेकंदाला ३.५ मीटर इतका आडवा वेग हवा. धावायला जागा नाही, पाय कठड्यावर, डोक्यात बिअर. वेग ३.५ ऐवजी ३ पडला तर गडी ७० सेंटिमीटर अलीकडे, फरशीवर. आणि पाण्यात पडला तरी काय? १० मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून डायव्हिंग करतात तिथे पाणी सुमारे ५ मीटर खोल ठेवतात. हॉटेलच्या पुलात ते छातीपर्यंत असतं.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल, मूर्ख आहेत लेकाचे, भोगा. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण पाल्मा शहरातल्या सोन एस्पासेस रुग्णालयाच्या सर्जन मंडळींनी २०१० ते २०१५ मधल्या अशा ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यात मुद्दाम उडी मारलेले थोडेच निघाले. बहुतेकजण नुसते तोल जाऊन पडलेले, आणि जवळजवळ सगळ्यांच्या पोटात दारू.

म्हणजे प्रश्न प्रोजेक्टाइलचा कमी आणि समतोलाचा जास्त. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. पावणेदोन मीटरच्या मुलाचा झाला ९६ सेंटिमीटरवर. कठडा ९० सेंटिमीटरचा असेल तर तो कठडा राहत नाही, ती तरफेची टेकू होते. वरचा भाग पुढे झुकला की पाय आपोआप उचलले जातात. स्पेनच्या २००६ च्या बांधकाम संहितेत ६ मीटरपेक्षा जास्त उंचीवर १.१० मीटरचा कठडा सांगितला आहे, तो उगाच नाही. मात्र या किनाऱ्यांवरची पुष्कळ हॉटेलं १९६०-७० च्या बांधकाम-लाटेतली, म्हणजे संहितेच्या कितीतरी आधीची.

ही लाट आली कशी? व्लादिमिर राइट्झ नावाच्या गृहस्थाने १९५० मध्ये लंडनहून कॉर्सिका बेटावर आख्खं विमान भाड्याने घेऊन प्रवासी नेले. जाणं-येणं, तंबूत राहणं, जेवण, सगळं मिळून साडेबत्तीस पौंड. युक्ती साधी होती. विमानाचा खर्च ठरलेला, मग एकही खुर्ची रिकामी जाता कामा नये. १९६५ साली सुरू झालेल्या 'क्लब १८-३०' ने हेच गणित फक्त तरुणांसाठी लावलं. ती कंपनी २०१८ मध्ये बंद पडली, पण गणित राहिलं. तिकीट आणि खोली जवळजवळ पडेल भावात द्यायची आणि नफा खाली उतरल्यावर काढायचा : बारची फेरी, बोटीवरची पार्टी, क्लबचं तिकीट, प्रत्येकात कोणाचं तरी कमिशन. आणि ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे तर आपल्या अनलिमिटेड थाळीचा प्रकार. पैसे आधीच भरलेत ना, मग वसूल करा! फरक इतकाच की थाळीत माणूस चौथ्या पुरणपोळीला थांबतो. दारूत थांबवणारा मेंदूच आधी सुट्टीवर जातो.

म्हणून मला २०२० च्या जानेवारीतला बॅलेरिक बेटांच्या सरकारचा हुकूम आवडला. त्यात पोरांना उपदेश कमी आणि यंत्रणेला हात जास्त घातला आहे. मॅगालुफ, प्लाया दे पाल्मा आणि सान आंतोनीच्या ठराविक भागांत हॅपी अवर बंद, एकावर एक फ्री बंद, जथ्याने बार फिरवणं बंद, रात्री साडेनऊ ते सकाळी आठ दुकानात दारू बंद. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये दोन जेवणांबरोबर तीन-तीन, म्हणजे दिवसाला सहाच ग्लास. बाल्कनीतून उडी मारणाऱ्याला हॉटेलने तिथल्या तिथे बाहेर काढायचं. अतिगंभीर गुन्ह्याला दंड ६ लाख युरोपर्यंत. मे २०२४ मध्ये हुकूम आणखी कडक करून रस्त्यावर पिण्यालाही दंड लावला, आणि पार्टी-बोटींना या भागांच्या किनाऱ्यापासून एक सागरी मैल लांब ठेवलं.

माझी शंका वेगळी आहे. आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतोच, एका पाइपाचं तोंड दाबलं की पाणी दुसऱ्यातून जातं. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर फालिराकीला २००३ मध्ये पोलिसांनी असाच बडगा उचलला, आणि गर्दीचं नाव पुढे जास्त ऐकू येऊ लागलं ते क्रीटच्या मालियाला आणि झांटेच्या लागानासला. हे लागानास म्हणजे लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांची मोठी विणीची जागा. १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय सागरी उद्यान झालं, रात्री विणीच्या किनाऱ्यांवर जायला मनाई आहे. पण कासवाचं पिल्लू अंड्यातून निघालं की जिकडे उजेड जास्त तिकडे चालू लागतं. लाखो वर्षं तो उजेड समुद्राकडे असायचा. लागानासला तो मागच्या बारच्या रांगेतून येतो.