नवे पॅड आणि ब्रेकचा आवाज

निफाड तालुक्यातील विंचूर येथे लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आहे. कांद्याच्या हंगामात तेथे पिकअप गाड्यांची रीघ लागते. रांगेत थांबत-सरकत जाणाऱ्या गाडीचा ब्रेक वारंवार दाबला जातो आणि पॅड नुकतेच बदललेले असले तर कर्कश आवाजही पुष्कळदा ऐकू येतो. माल खराब निघाला, असे म्हणून मालक मोकळा होतो. वस्तुतः दोष बहुधा मालात नसून तो बसविण्याच्या पद्धतीत असतो.

ब्रेक दाबताच पॅड फिरत्या डिस्कला धरतात. ही पकड क्षणोक्षणी चिकटते व सुटते. त्यातून सेकंदाला हजारो कंपने निर्माण होतात आणि डिस्क घंटेप्रमाणे नाद करू लागते. पॅड आपल्या जागी सैल असला किंवा गंजामुळे अडखळत असला, की या कंपनांना वाव मिळतो.

म्हणून जुने पॅड काढताच नवे बसविण्याची घाई करू नये. पॅडचे कान ज्या खाचांत टेकतात त्या ओल्या फडक्याने पुसून, गंज तारेच्या ब्रशने काढावा. ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. पॅडच्या पाठीवर व कानांवर, उष्णता सोसणारे ब्रेकचेच ग्रीस अगदी पातळ लावावे. साधे ग्रीस वितळून डिस्कवर उतरते. पाठीमागचा पातळ पत्रा काही कारागीर निरुपयोगी समजून फेकून देतात. कंपन शोषण्यासाठीच तो दिलेला असतो. डिस्कवर खोल चरे असल्यास किंवा ती नेमून दिलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाली असल्यास नव्या पॅडचा उपयोग नाही.

नवे पॅड बसविताना पिस्टन मागे ढकललेला असतो. त्यामुळे पहिल्या दाबास ब्रेक लागतच नाही. गाडी जागेवरून हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे व ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. घाईत हे विसरले, तर गॅरेजच्या दारातच अपघात घडतो.

यानंतर रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. ताशी ५० कि.मी. वेगावरून १० पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता ८-१० वेळा वेग कमी करावा. मध्ये थोडे अंतर चालवून ब्रेक निवू द्यावा. अशाने पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. नव्या पॅडसह थेट बाजाराच्या रांगेत शिरणे याच कारणाने गैरसोयीचे. हलक्या, रेंगाळत्या दाबाने पॅड गुळगुळीत होऊन वाजू लागतो.

आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर तेल सोडणे जिवावर बेतणारे आहे, कारण आवाजाबरोबर पकडही जाते. शिवाय अनेक पॅडना एक धातूची पट्टी असते; पॅड झिजला की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते. सकाळच्या दवाने येणारी कुरकुर दोन-चार ब्रेकमध्ये आपोआप थांबते. लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर मात्र ऐकू आली, तर माल भरण्यापूर्वी चाक उघडून पाहावे.