ह्युमिडॉर : ओलाव्याचं फ्लायव्हील

सायक्रोमेट्रिक चार्ट आपण सगळ्यांनीच जर्नलमध्ये चिकटवलाय, त्यावर सही घेतलीय आणि व्हायव्हा संपताच तो विसरलोय. मला मात्र हा चार्ट नीट कळला तो एका लाकडी पेटीमुळे. ही पेटी म्हणजे ह्युमिडॉर, सिगार साठवायची पेटी. आधीच सांगून टाकतो, मी सिगार ओढत नाही आणि तुम्ही ओढावी असंही म्हणणं नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा कर्करोग व्हायचा तो होतोच. शिवाय २००३ च्या कायद्याने कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. आपला विषय आहे तो साठवणुकीचा.

माझे काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. त्यांनी हवानाहून २५ सिगारची एक पेटी आणली. निवृत्तीच्या दिवशी इंजिन रूममधल्या जुन्या सोबत्यांसोबत ती फोडायची असा बेत. निवृत्तीला तेव्हा पाच वर्षं बाकी होती आणि घर रत्नागिरीला! काका म्हणाले, "अरे, तू मेकॅनिकलला आहेस ना? मग पाच पावसाळे ही कशी टिकवायची ते सांग."

प्रश्न सोपा नाही. सिगारमध्ये तीन भाग असतात : पोटातली पानं, त्यांना बांधणारं पान आणि वरचं पातळ, देखणं पान. तंबाखू हवेतला ओलावा शोषते आणि सोडतेही. हवा कोरडी पडली की वरचं पान तडकतं आणि सुवासिक तेलं उडून जातात. हवा फार दमट झाली की बुरशी. म्हणून सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १६ ते २१ अंश सेल्सिअस हा सर्वमान्य पट्टा आहे.

आता थोडं गणित. पेटी ३० × २० × १० सें.मी., म्हणजे ६ लिटर. २१ अंशाला संपृक्त हवेत घनमीटरला साधारण १८.३ ग्रॅम वाफ मावते. ७० टक्क्यांना झाली १२.८ ग्रॅम. म्हणजे आपल्या ६ लिटर हवेत पाणी किती? फक्त ०.०८ ग्रॅम. जेमतेम दीड थेंब! उलट एक सिगार १० ग्रॅमची आणि तिच्यात १३ टक्के पाणी धरलं, तर २५ सिगारमध्ये ३२ ग्रॅमहून जास्त पाणी होतं. हवेतल्या पाण्याच्या सुमारे चारशे पट!

सगळी गंमत इथेच आहे. ओलावा हवेत नसतो, मालात असतो. रिकामी बंद पेटी २१ वरून ३१ अंशांवर नेली तर आर्द्रता ७० वरून ४० टक्क्यांवर येते. भरलेल्या पेटीत मात्र तंबाखू एखादा थेंब सोडते आणि काटा ७० च्या आसपासच राहतो. म्हणजे सिगार आणि लाकूड हेच या पेटीचं फ्लायव्हील. झाकण मिनिटभर उघडल्याने काही बिघडत नाही. झाकणाची फट मात्र घात करते, कारण ती रात्रंदिवस चालू असते.

पेटीच्या आत स्पॅनिश सीडारचं अस्तर असतं. नाव सीडार, पण हे झाड देवदाराच्या नात्यातलं नाही. ते महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाचं भाऊबंद. नवीन पेटीचं कोरडं लाकूड सिगारमधलंच पाणी ओढून घेतं. म्हणून आधी आत डिस्टिल्ड वॉटरची वाटी ठेवून आठ-दहा दिवस लाकूड मुरवायचं, मग सिगार ठेवायच्या. पुढे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजवलेला स्पंज ठेवला की काम भागतं. हे मिश्रण ७० टक्क्यांच्या खाली पाणी सोडतं आणि वर गेलं की शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात हे शोषणंच जास्त महत्त्वाचं.

पण काटा खरं बोलतोय कशावरून? त्यासाठी मेसमधलं मीठ पुरे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. ते हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत २४ तास ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मी रूमवर करून पाहिलं. काकांच्या हायग्रोमीटरने ८१ दाखवले. म्हणजे तो ६ ने जास्त सांगत होता. त्याच्या भरवशावर ७० राखले असते, तर प्रत्यक्षात ६४ च मिळाले असते.

दुसरा शत्रू म्हणजे तंबाखूचा भुंगेरा. घरातल्या हळदीला, धन्यांना भोकं पाडणारा किडा तोच. साधारण २४ अंशांच्या वर अंडी उबण्याचा धोका वाढतो आणि रत्नागिरीत २४ अंश मिळणार कधी? उपाय असा : सिगार हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये आणि मग बाहेर. घाई केली तर पान फाटतं. वाळलेली सिगार ओलावतानाही तेच. पोटातली पानं एकदम फुगली की वरचं पान उकलतं.

आणि मुरणं म्हणजे काय? पानं आंबवताना तयार झालेला अमोनियाचा वास हळूहळू निघून जातो आणि वेगवेगळ्या पानांचे स्वाद एकमेकांत मिसळतात. लोणच्यासारखंच, घाई चालत नाही. पाच वर्षं मुरवायचं तर ६५ च्या जवळ राहिलेलं बरं. काकांची पेटी आता तिसऱ्या पावसाळ्यात आहे. फ्रीझरची फेरी झालीय, घरातल्या सगळ्यात गार खोलीत ती खालच्या कपाटात असते आणि काटा, सहा वजा करून, ६६ वर आहे.

आपल्या लॅबमध्येही रीडिंग घेण्याआधी एकदा विचारून पाहा, या मीटरला ज्ञात बिंदूवर शेवटचं कुणी तपासलं होतं? आर्द्रतेपुरता तरी तो बिंदू चिमूटभर मिठात मिळतो.